चर्चमध्ये गिटार, ऑफिसात खोटी कोटेशनं, नोकरी सोडू का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला, खालची उत्तरंही वाचली आणि मग राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा मुलगा ऐरोलीला राहतो आणि महापे एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत चार वर्षं पर्चेसला, म्हणजे खरेदी खात्यात, आहे. साहेब सांगतात ऑर्डर अमक्यालाच द्यायचीय, तू फाईलला नियमाप्रमाणे तीन वेगळ्या पार्टींची कोटेशनं लाव, आणि उरलेली दोन कोटेशनं तोच वेंडर स्वतः आणून देतो. दिवाळीला त्याच वेंडरने पाकीट दिलं, ते याने घेतलं. रविवारी हाच चर्चमध्ये गिटार वाजवून गाणी घेतो. विचारतोय की मी ढोंगी आहे का, नोकरी सोडू का, गिटार सोडू का, आणि जाताजाता ऑफिसातल्या पूजेचंही विचारलंय.

मी ठाण्याची. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांत पर्चेसमध्ये आयुष्य गेलं, मॅनेजर म्हणून रिटायर झाले, आणि आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार म्हणून अर्पणाचा हिशेब बरीच वर्षं माझ्याकडे आहे. म्हणजे तुझी दोन्ही टेबलं मला आतून माहीत आहेत. वयाने तू माझ्या मुलाएवढा, म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

आधी खालच्या दोन उत्तरांचं. एक भाऊ म्हणतात विश्वासाने राजीनामा टाक, प्रभू दुसरं दार उघडेल. दुसरे म्हणतात धंद्यात एवढं चालतंच, कैसराचं ते कैसराला द्यावं. पहिल्या भावांना तुझ्या घराचा हप्ता भरायचा नाहीये, त्यामुळे त्यांना बोलायला काय जातंय. आणि दुसऱ्यांनी मत्तय २२ परत एकदा उघडून बघावं, तिथे विषय कर भरायचा की नाही हा होता, सोमवार ते शनिवार एका खात्यात आणि रविवार दुसऱ्या खात्यात असं वाटून घ्या हे येशूने कुठेच म्हटलेलं नाही.

आता मुद्दा. मी ढोंगी आहे का, या प्रश्नाने काही हाताला लागत नाही. उत्तर हो आलं काय नि नाही आलं काय, सोमवारी सकाळी फाईल समोर आल्यावर काय करायचं ते त्यातून कळत नाही, फक्त रात्री झोप लागत नाही. खरा प्रश्न असा की कंपनीत जे काही चुकीचं चाललंय त्यातलं तुझं नक्की काय. तू साहेबांचा व्यवहार, वेंडरची चलाखी, तुझी सही आणि तुझं पाकीट हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून डोक्यावर घेतलंयस, आणि एवढं गाठोडं घेऊन कोणीही चालू शकत नाही, म्हणून मग पळून जावंसं वाटतं. मी पर्चेसमध्ये असताना एवढंच बघायचे की कागदावर सही माझी आहे का आणि पैसा माझ्या पर्समध्ये आलाय का. तेवढं माझं. बाकीचं बघून त्रास व्हायचा, होणारच, पण ते माझ्या नावावर मी लावून घेतलं नाही.

आणि काही गोष्टी तू लिहिल्या नाहीस, ज्यावर बरंच अवलंबून आहे. साहेब त्या वेंडरकडून खातात, की त्यांना फक्त डिलिव्हरी वेळेत हवी असते आणि तीन कोटेशनांचा नियम कटकट वाटतो? दोन्ही ठिकाणी कागद खोटाच, पण दोघांशी वागायची पद्धत वेगळी. घरी तू एकटा कमावता आहेस का? कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंटच्या, म्हणजे तिन्ही दरांच्या तुलनेच्या कागदाच्या, खाली प्रिपेअर्ड बायमध्ये इनिशियल तुझी जाते की तू नुसता टाईप करून देतोस? माझ्या अनुभवात जास्त करून आळशी साहेबच भेटतात, खाणारे कमी, निदान बाहेरून वाटतात त्यापेक्षा कमी. तुझा आळशी आहे असं धरून आधी लिहिते.

खोटी कोटेशनं मी इतकी बघितली आहेत की लांबून वास येतो. तीन वेगळी लेटरहेड, पण तिन्हीत गॅस्केटचं स्पेलिंग सारखंच चुकलेलं. तारीख एक, फॉन्ट एक, टर्म्सच्या खाली एक ओळ तिन्हीत सारखीच रिकामी सुटलेली. एकदा तर एका लेटरहेडवरचा मोबाईल नंबर नऊच आकडी होता, लावून तरी बघायचा ना, पण लावणार कोण, कोणाला त्या माणसाशी बोलायचंच नव्हतं. ऑडिटरला हे दिसत नाही असं समजू नकोस. त्याला दिसतं, तो एखादं वर्ष सोडून देतो, आणि ज्या वर्षी वरच्यांचं आपसात बिनसतं त्या वर्षी तीच फाईल बाहेर निघते आणि खाली इनिशियल कोणाची ते बघितलं जातं. हिशेबाच्या कागदात जाणूनबुजून खोटं घालणाऱ्या नोकरालाही कायदा धरतो, मला साहेबांनी सांगितलं एवढ्यावर तिथे सुटका होत नाही.

पण तीन कोटेशनांच्या नियमाला खरा रस्ता असतो आणि तो बहुतेक कंपन्यांच्या पर्चेस पॉलिसीत लिहिलेलाच असतो, कोणी वाचत नाही एवढंच. एकाच पार्टीकडून घ्यायचं असेल तर कारण लिहून नोट लावायची आणि मंजुरी घ्यायची. उदाहरणार्थ, सदर माल अमुक पार्टीकडून घेत आहोत, मागच्या लॉटला रिजेक्शन नव्हतं, लाईन थांबू नये म्हणून चार दिवसांत डिलिव्हरी हवी, दुसऱ्या दोन पार्टींना अमुक तारखेला मेल केला, उत्तर आलं नाही, दर मागच्या पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) ताडून बघितला. बास, पाच ओळी, खाली तुझी इनिशियल आणि साहेबांची सही. मात्र यातलं एकेक वाक्य खरं पाहिजे, म्हणजे मेल खरंच गेला पाहिजे आणि दर खरंच ताडलेला पाहिजे, नाहीतर दोन खोट्या कागदांच्या जागी एक खोटा कागद एवढाच फरक पडेल.

साहेबांना हे कसं सांगायचं, त्यासाठी मी बायबलमधला दानीएलचा पहिला अध्याय पुन्हापुन्हा वाचायचे. आपल्याकडे दानीएल म्हटलं की सगळे सिंहांच्या गुहेत जाऊन पोचतात. पहिल्या अध्यायातला दानीएल मात्र तरुण पोरगा आहे, परक्या राजाच्या नोकरीच्या ट्रेनिंगला लागलेला, राजाच्या ताटातलं खायचं नाही असं त्याने मनात ठरवलंय. तो भाषण करत नाही, विनंती करतो. वरचा अधिकारी म्हणतो बाबा रे, तुम्ही वाळलेले दिसलात तर राजा माझं डोकं उडवेल. म्हणजे तो अधिकारी काही वाईट नाही, घाबरलेला आहे. दानीएलला ती भीती कळते, मग तो देखरेखीच्या माणसाला म्हणतो, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघ आणि मग ठरव. स्वतःचं सोडायचं नाही आणि समोरच्याची मानही अडकवायची नाही. तुझ्या साहेबांनाही भीती असणार, माल वेळेत आला नाही तर वरून बोलणी त्यांनाच बसतात. म्हणून त्यांच्याकडे जाताना मी ख्रिस्ती आहे, मी खोटं लिहिणार नाही, अशी सुरुवात करू नकोस, त्याचा अर्थ त्यांना तुम्ही खोटे आहात एवढाच ऐकू येईल. सर, ही फाईल ऑडिटला गेली तर दोघांच्या सह्या दिसणार, ही नोट लावली की आपण सेफ आहोत, मी ड्राफ्ट केलीय, एकदा बघता का, असं म्हण. हेही पूर्ण खरं आहे. आणि नोट तयार करूनच जा, साहेबांना लिहायला लावलंस तर ते नाहीच म्हणणार.

माझ्याकडे दोन साहेब असे होते की त्यांनी कटकट करत का होईना सही केली आणि पुढे तीच पद्धत पडली. तिसरे मात्र खाणारे होते. त्यांना नोट नको होती, कारण नोटमध्ये दर मागच्या पीओशी ताडला असं लिहायचं म्हटलं की दर उघडा पडतो. तुझ्याकडे असं झालं तर मग मात्र कळून चुकेल की आपण कुठल्या साहेबाखाली बसलोय, आणि तेही कळलेलं बरं. तिथे तुझं काम एवढंच की इनिशियल करायची नाही. सर, ही कोटेशनं मी मागवलेली नाहीत, त्यामुळे प्रिपेअर्ड बायमध्ये मी सही करत नाही, एवढं शांतपणे, दोघंच असताना सांगायचं. याची किंमत पडते, मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. माझी बदली स्टोअर्सला झाली होती आणि त्या वर्षीची इन्क्रिमेंट सगळ्यात कमी मिळाली, त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि त्या साहेबांचं पुढे काहीही वाकडं झालं नाही, ते आरामात रिटायर झाले. चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात तेव्हा, लोकांना ऐकायला आवडतं की मी खरं बोललो आणि सहा महिन्यांत प्रमोशन मिळालं. मिळतंही कोणाला. मला नाही मिळालं आणि त्यामुळे माझी गोष्ट सांगण्यासारखी होत नाही, तरी तुला सांगतेय.

वर तक्रार करायची का? कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिथे तक्रारीची व्यवस्था असावीच लागते आणि तक्रार करणाऱ्याला संरक्षण द्यावं लागतं, इंट्रानेटवर किंवा वेबसाईटवर व्हिसलब्लोअर पॉलिसी म्हणून सापडेल. लहान मालकी कंपनी असेल तर मालक आणि साहेब यांचं नातं काय ते कळल्याशिवाय उडी घेऊ नकोस. सही न करणं हे तुझ्याकडून अपेक्षितच आहे, दुसऱ्याला पकडून देणं दर वेळी तुझ्यावर येतंच असं मला वाटत नाही. यावर चर्चमध्ये लोक माझ्याशी भांडलेले आहेत, भांडोत.

पाकिटाचं. मिठाई आणि पाकीट यात फरक आहे, आणि तो फरक मनात सगळ्यांना कळतो. दिवाळीला वेंडर मिठाईचा बॉक्स घेऊन येतो, तो मी पँट्रीत उघडून ठेवायचे, शिपायापासून सगळे खायचे. साडी आली की परत. पाकीट आलं की त्याच दिवशी परत, आणि सोबत मेसेज, भाऊ, पाकीट तुमच्या माणसाकडे परत पाठवलंय, शुभेच्छा पोचल्या, मनात काही आणू नका. मेसेज करायचाच, कारण मधला माणूस ते खिशात घालून मॅडमनी घेतलं असं सांगू शकतो. वेंडर लोक रागावतात हा भ्रम आहे, पहिल्या वर्षी त्यांना विचित्र वाटतं, पुढच्या वर्षी ते दुसऱ्यांना सांगतात की त्या मॅडमकडे जाऊन उपयोग नाही, दर बघून काम देतात.

तू घेतलेल्या पाकिटाबद्दल लिहिलंयस की ते मी अर्पणात टाकून मोकळा होऊ का. नको. खजिनदार म्हणून सांगते, अजिबात नको. येशूला पकडून देऊन मिळालेली ती तीस नाणी यहूदाने मंदिरात फेकली तेव्हा मुख्य याजकसुद्धा म्हणाले की हा पैसा दानकोशात चालत नाही, आणि ती माणसं काय लायकीची होती ते आपल्याला माहीत आहे. जक्कयाचं बघ, येशू घरी आल्यावर बदललेला तो जकातदार, त्याने मंदिरात नेऊन काही टाकलं नाही. अर्धं गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलंय त्याला चौपट. पैसा ज्याचा गेला त्याच्याकडे आधी वळायचं. तुझ्या बाबतीत वेंडरने ते पाकीट दरातच धरलेलं असणार, म्हणजे गेलंय कंपनीचं. तरी व्यवहारात तुला जमणारी गोष्ट म्हणजे वेंडरला तेवढी रक्कम परत करणं, बँकेतून, रेकॉर्ड राहील असं, आणि यापुढे नको हे एका ओळीत लिहिणं. जमल्यास पुढच्या पीओला त्याच्याशी दर घासून तेवढे पैसे कंपनीला मिळवून दे. हे तुझं प्रायश्चित्त वगैरे समजू नकोस, पर्चेसवाल्याचं कामच ते आहे.

आता गिटार. मला वाटतं तुझी गाठ इथे बसलीय आणि तू ती ऑफिसात शोधतोयस. रविवार खरा आणि बाकीचे दिवस खोटे असं तू धरून चाललायस. मला रविवारची जास्त शंका येते. आमच्या मंडळीत प्रार्थनेसाठी विषय मागितले की काय येतं, आजार, परीक्षा, प्रवास, लग्न जमत नाही, व्हिसा. माझे साहेब खोट्या कागदावर सही मागतायत, माझ्यासाठी प्रार्थना करा, असं इतक्या वर्षांत कोणी उठून म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्या बाकांवर बसलेल्यांपैकी कोणी कॉन्ट्रॅक्टर आहे, कोणी महापालिकेत आहे, कोणी शाळेत ॲडमिशनचं बघतं, सगळ्यांना हेच प्रश्न आहेत आणि सगळे गप्प आहेत. तू समोर उभा राहून गातोस म्हणून तुला ते जास्त टोचतं, एवढंच. हा गप्पपणा मोडल्याशिवाय तू दुसऱ्या कंपनीत गेलास तरी हेच होणार, कारण तिथेही तीन कोटेशनं लागणारच आहेत.

म्हणून कोणातरी एकाला सांग. एकालाच. तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, साक्षीत तर अजिबात नको, तिथे त्याची गोष्ट होते. तुझ्यापेक्षा वयाने मोठा, नोकरी केलेला, आणि ज्याचं तोंड बंद राहतं असा माणूस बघ. कॅथलिक असतास तर पापनिवेदनाला जाऊन फादरना सांगितलं असतंस आणि ज्याचं घेतलंय त्याला परत कर हे त्यांनीही सांगितलं असतं. आपल्या प्रोटेस्टंटांकडे ती सोय नाही म्हणून आपण थेट प्रभूला सांगतो असं म्हणतो, आणि बऱ्याच वेळा कोणालाच सांगत नाही. पाळकसाहेबांशी तुझं बरं असेल तर त्यांनाही कानावर घाल, गिटार त्यांनी ठेव म्हटलं तर ठेव. माझं मत विचारशील तर गिटार वाजव, गाणी घे, पण हे मार्गी लागेपर्यंत दोन गाण्यांच्या मधे जे बोलतात ना, प्रभूने मला असा विजय दिला वगैरे, ते बोलू नकोस. नुसतं पुढचं गाणं सुरू कर.

खरेपणासाठी साक्षीदार लागतो हे मी अर्पण मोजताना शिकले. आमच्याकडे पेटी उघडायला दोघं लागतात, दोघं मोजतात, नोटा किती नि चिल्लर किती ते रजिस्टरला चढतं, दोघांच्या सह्या होतात, आणि ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर्ड असल्यामुळे वर्षाच्या शेवटी ऑडिट होतं. एकदा एक जुने पंच रागावले होते, म्हणाले आपल्या माणसांवर विश्वास नाही का. मी त्यांना करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचून दाखवला. पौल यरुशलेमकडे मदतीची रक्कम पाठवतोय आणि सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं देतोय, कारण तो म्हणतो या रकमेबद्दल कोणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूच्या दृष्टीने तर योग्य करायचंच पण माणसांच्या दृष्टीनेही करायचं. पौलाला एकट्याने पैसे न्यायचे नव्हते तर आपण कोण.

पूजेचं पटकन सांगते. नामान सीरियाचा सेनापती, कोडातून बरा झाल्यावर संदेष्ट्या अलीशाला विचारतो की माझा राजा रिम्मोनच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल का. अलीशा म्हणतो, शांतीने जा. यावर दोन तास वाद घालणारे आहेत, मी त्यात पडत नाही. ऑफिसच्या सत्यनारायणाला मी खुर्च्या मांडायला, चहापाण्याचं बघायला असायचे, पूजेला बसले नाही, आणि एका वर्षी बसा म्हटलं तेव्हा हसून नाही म्हटलं, कोणाला वाईट वाटलं नाही. प्रसादाबद्दल ज्याच्या त्याच्या विवेकाप्रमाणे, करिंथकरांस पहिलं पत्र आठ आणि दहा अध्याय स्वतः वाच. पण खरं सांगू, प्रसाद खाल्ला की नाही यावर रात्रभर चर्चा करणारे आणि वेंडरचं पाकीट पचवणारे एकच असलेले मी बघितलेत.

राहिला राजीनामा. तलावपाळीजवळचं जुनं चर्च योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या नावाचं आहे, येताजाता बघितलं असशील. लूक ३ मध्ये या योहानाकडे जकातदार येतात, आम्ही काय करावं विचारतात. त्या काळात जकातदारापेक्षा बदनाम नोकरी नव्हती. योहान स्वतः रानात टोळ खाऊन राहणारा माणूस, त्याने सोडा म्हटलं असतं तरी कोणाला नवल वाटलं नसतं. तो म्हणतो ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई येतात, त्यांना सांगतो कोणावर जुलूम करून पैसे काढू नका, पगारात भागवा. म्हणजे त्याच टेबलावर बस आणि आकडा खरा लिही. सोडा म्हणणाऱ्यांना टिळकांचं उदाहरण फार आवडतं, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार ही स्वतःची वेगळी संगत काढली. खरंय. पण त्यांचा जन्म १८६१ चा आणि बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी, वीस-बावीस वर्षं काम केल्यावर सोडला, साहेबांशी बोलायची भीती वाटली म्हणून सोडला नाही.

साहेब खाणारे निघाले आणि सहीवरून रोज छळ सुरू झाला तर नोकरी बदल, त्यात कमीपणा काही नाही, पण आधी दुसरी बघ. रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात पर्चेसची माणसं लागतच असतात, आणि चार वर्षांचा अनुभव म्हणजे चांगला काळ आहे. इंटरव्ह्यूला का सोडताय विचारतील तेव्हा जुन्या साहेबांची कुचाळकी करू नकोस, सिस्टिममध्ये काम करायचंय एवढं सांग.

सध्या टेबलावर कुठली फाईल आहे ते बघ आणि तिची नोट रविवारच्या आतच लिहून ठेव. ड्राफ्ट इथे टाकलास तर मी बघून देईन, पार्टीचं आणि कंपनीचं नाव काढून टाक मात्र. आणि अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे की तीन, ते आजच बघून घे.